वाफा क्रमांक एक

निवृत्तांच्या वसाहतीत बाग कशासाठी, याचे उत्तर जाहिरातीत दिलेले होते: मन रमावे म्हणून. आमची मने रमत होती, याबद्दल शंका नाही. ती झाडांत रमत नव्हती, एवढेच.

वसाहत शहराबाहेर, रिंग रोडच्या पलीकडे. राहणारे बहुतेक जुन्या शहरातून आलेले. कोणी बरकतपुऱ्याचे घर बिल्डरला देऊन, कोणी मलकपेठचे घर मुलाला देऊन, कोणी मुलगा घ्यायला तयार नाही म्हणून. इमारतीच्या मागे तांबड्या मातीचा उतार आणि त्यावर वाफे. उताराच्या मधोमध दगडी पायऱ्या, कठडा नसलेल्या. पायऱ्यांच्या वर थोडे वाफे, खाली भिंतीपर्यंत बाकीचे. नळ वरच्या फाटकाशी. नळाचे पाणी पाटात, पाटातून एकेका वाफ्यात, असे उताराने खाली जाई. जो आधी राहायला आला त्याने बसमध्ये दस्ती टाकून जागा धरावी तसा वरचा वाफा धरला. उशिरा आलेल्यांना खालचे वाफे मिळाले आणि वरच्यांचे भिजून उरले तर पाणी.

फाटकाजवळचा पहिला वाफा एका बाईंचा होता. त्या गणिताच्या शिक्षिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या आणि वसाहतीत सगळे त्यांना नुसते बाई म्हणत. माहेर देगलूरच्या बाजूचे, शेतकऱ्याचे. वडील निजामाच्या काळापासून हैदराबादेत नोकरीला. राज्यांची पहिली पुनर्रचना झाली तेव्हा शेत एका राज्यात गेले आणि घर दुसऱ्यात राहिले. बाई हे कधीकधी सांगत, पण दुःखाने नाही. एखादे उदाहरण फळ्यावर मांडावे तसे. खुब्याचे हाड मोडून शस्त्रक्रिया झाल्यापासून त्या चार पायांच्या वॉकरने चालत. सकाळी लिफ्टने उतरायचे, सिमेंटच्या वाटेने फाटकापर्यंत जायचे, स्टुलावर बसून वाफ्यात खुरपायचे. अंबाडी, शेपू, मिरची आणि फाटकावर चढवलेला वाल. अंबाडीचे बी त्यांनी नामपल्लीच्या नुमाइशीतून, दरवर्षीच्या प्रदर्शनातून, आणले होते आणि दरवर्षी त्यातलेच धरत.

व्यायाम शिकवायला येणाऱ्या तरुणीने त्यांना स्पष्ट सांगितले होते की त्या चालतात त्या वाफ्यामुळे. वाफा नसता तर त्यांना खोलीतून बाहेर काढणे तिला जमले नसते. जे चालू शकत नाहीत त्यांच्यासाठी वसाहतीत वेगळा मजला होता. त्याचे नाव सहाय्य कक्ष. तिथे पलंगाला कठडे होते, खिडकीला जाळी होती आणि सेवा उत्तम होती. तिथून आपल्या खोलीत परत आलेला माणूस मी पाहिलेला नाही.

मग ते वर्ष आले. राज्य पुन्हा दोन होणार हे ठरले होते, कसे ते ठरत होते. खालच्या दिवाणखान्यातला टीव्ही सकाळपासून वाटणी सांगत असे: राजधानी कोणाची, धरणाचे पाणी कोणाला, कोणत्या कर्मचाऱ्याने कोणते राज्य मागितले. आमच्यापैकी बहुतेकांनी उभा जन्म सरकारी फायलींत काढलेला. इतकी मोठी पुनर्रचना चालू असावी आणि आपल्याला कोणी बोलावू नये, हे त्यांना सहन होईना. हाताशी राज्य नव्हते. बाग होती.

खालच्या वाफ्यांची तक्रार खरी होती, हे नोंदवले पाहिजे. त्यांची वांगी खरोखरच सुपारीएवढी राहत. त्यावर खाली आणखी एक नळ बसवणे हा उपाय होता. तो कोणी सुचवला नाही, कारण त्यात समिती नेमावी लागली नसती.

बाग पुनर्रचना समिती तिघांची. अध्यक्ष सचिवालयातून उपसचिव म्हणून निवृत्त झालेले. त्यांना सगळे साहेब म्हणत. दुसरे बरकतपुऱ्याचे वकीलसाहेब, ज्यांनी वकिली सोडली होती पण वकिलीने त्यांना सोडले नव्हते. तिसरे मलकपेठचे तहसीलदार. ते नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झाले होते. नायब हा शब्द इकडे सामान हलवताना कुठे तरी गळाला. तिघेही मराठी निघाले. बाकीच्यांना बागेत काम करायचे होते. वर्तमानपत्राच्या कचेरीत जन्म गेला म्हणून इतिवृत्त लिहायला मला बसवले. सभा तीन भाषांत चाले: ठराव इंग्रजीत, भांडण दखनीत आणि टोमणे ज्याच्या त्याच्या मातृभाषेत.

साहेबांनी नियमावली केली. सगळे वाफे समितीच्या ताब्यात घ्यायचे, त्यांना क्रमांक द्यायचे आणि चिठ्ठ्या टाकून नव्याने वाटायचे. कोणाचाही विशेष विचार होणार नाही. वाटप झाल्यावर दोघांनी परस्पर अदलाबदल करायची नाही. या शेवटच्या नियमाचा साहेबांना विशेष अभिमान होता. नोकरीत त्यांनी परस्पर बदल्यांची किती प्रकरणे हाताळली आणि त्यांत किती पाणी मुरले होते, हे ते जेवणाच्या टेबलावर सांगत. आमच्या बागेत लाच म्हणून कोणी जास्तीत जास्त कोथिंबिरीची जुडी देऊ शकला असता. पण साहेब भ्रष्टाचाराला अंकुरातच खुडण्याच्या मताचे होते.

बाईंनी सभेत एकच प्रश्न विचारला. पायऱ्यांखालचा वाफा आला तर वॉकर घेऊन तिथे जायचे कसे? साहेबांनी हा मुद्दा रास्त असल्याचे सांगितले आणि पायऱ्यांऐवजी उतरता रस्ता करावा असे पत्र व्यवस्थापनाला पाठवले. व्यवस्थापनाने मागणी तत्त्वतः मान्य केली. म्हणजे रस्ता झाला नाही.

शिवरात्रीच्या सुमारास चिठ्ठ्या निघाल्या. स्टीलच्या डब्यातून त्या काढायचा मान वसाहतीतल्या सगळ्यांत वयस्कर बाईंना दिला. त्यांना चिठ्ठीवरचे दिसत नसल्यामुळे निःपक्षपातीपणाबद्दल प्रश्नच उरला नाही. आमच्या शिक्षिका बाईंना शेवटचा वाफा आला, भिंतीलगतचा, पायऱ्या उतरून पार पलीकडे. वाफा क्रमांक एक कोणाला आला, हे वाचताना साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचले. तो त्यांनाच आला होता.

साहेब वाईट मनुष्य नव्हते. त्या संध्याकाळी ते माझ्या खोलीत येऊन बसले. त्यांना वाफा नकोच होता. आयुष्यात त्यांनी खुंटीला टोपी सोडून काही लावले नव्हते. बाईंना तो देऊन टाकायला ते आनंदाने तयार होते. पण तीच ती अदलाबदल. नियम करणाऱ्यानेच पहिल्या दिवशी मोडला तर उरलेल्या नियमांचे काय, असे त्यांनी मला विचारले. मी म्हणालो, काही नाही. हे उत्तर त्यांना पटले नाही.

दुसऱ्या दिवशी ज्यांचे वाफे गेले होते त्या सगळ्यांच्या हरकती आल्या. वकीलसाहेबांच्या चेहऱ्यावर मी त्या वसाहतीत पहिल्यांदा तजेला पाहिला. हरकतींचा निकाल लागेपर्यंत जैसे थे, असा आदेश त्यांनी समितीकडून काढवला. कोणी लावायचे नाही, कोणी उपटायचे नाही. आणि पाणी? पाणी घालणे म्हणजे वहिवाट सिद्ध करणे, असे वकीलसाहेबांनी समजावून सांगितले. आज जुन्या मालकाने पाणी घातले तर उद्या तो ताबा सांगेल. नव्याने घातले तर हरकतीला अर्थ उरणार नाही. म्हणून कोणीच घालायचे नाही. माळ्यालाही तशी ताकीद गेली. नळाला तहसीलदारांनी सुतळी बांधून वर लाख लावली. लाख त्यांच्याकडे कशी होती, हे कोणी विचारले नाही. जन्मभर पंचनामे केलेला माणूस ती बाळगून असणार, हे सगळ्यांनी गृहीत धरले.

हैदराबादचा उन्हाळा जैसे थे मानत नाही. होळीपर्यंत मेथी गेली, गुढीपाडव्यापर्यंत टोमॅटो. मात्र काही वाफ्यांत चमत्कार दिसू लागले. वकीलसाहेबांचा मोगरा हिरवागार होता. चौकशीत आढळले की ते रोज सकाळी आपल्या जुन्या वाफ्यापाशी उभे राहून सूर्याला अर्घ्य देत. तांब्या मोठा होता. ही धार्मिक बाब असून तिला सिंचन म्हणता येणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद. तहसीलदार मोगऱ्याच्या शेजारच्या आपल्या वांग्यांपाशी चूळ भरायला जाऊ लागले. एक जोडपे रोज उरलेला चहा घेऊन फिरायला निघे आणि दोघांपैकी एकाचा हात ठरावीक जागी कापे. मी हे सगळे इतिवृत्तात घेतले. समितीने ते वाचून मंजूर केले.

बाईंनी यातले काही केले नाही. पहिले काही दिवस त्या फाटकापर्यंत येत, वॉकरला धरून उभ्या राहत, वाळणारी अंबाडी बघत आणि परत जात. वाल आधी पिवळा पडला, मग त्याचे नुसते दोर राहिले. तहसीलदारांनी एकदा, चूळ भरून झाल्यावर, त्यांना सांगितले की बाई, इतकं कायकू परेशान होता, दोन तांबे घाला, कोणी बघत नाही. बाई म्हणाल्या की बघत कोणी नाही हे खरे, पण तांब्या धरायला तिसरा हात लागतो; दोन वॉकरला गेले.

मग त्या येईनाशा झाल्या. उन्हाचे कारण सांगत. जेवण खोलीत मागवू लागल्या. व्यायामाची तरुणी दारावरून परत जाऊ लागली. वैशाखात त्यांचा मुलगा बंगळुरूहून येऊन गेला. मुलगा चांगला होता, काळजी करणारा होता आणि घाईत होता. त्याने आईचे पाय पाहिले, डॉक्टरांशी बोलला आणि सहाय्य कक्षात एक खोली पाहून ठेवली, पूर्वेकडची. पंधरवड्यात येऊन हलवतो, म्हणाला. पुनर्रचनेत माणसाला विचारण्याची पद्धत नसते, हे बाईंना लहानपणापासून माहीत होते.

ही गोष्ट सगळ्या वसाहतीला दुसऱ्या दिवशी कळली. साहेबांनी तातडीची सभा बोलावली. विषय होता हरकतींचा निकाल. दुसऱ्या कोणत्याही विषयावर तातडीची सभा घेण्याची नियमावलीत तरतूद नव्हती. बाईंच्या दाराशी मीच निरोप घेऊन गेलो. त्या येतील असे मला वाटले नव्हते. त्या आल्या, इस्त्रीची साडी नेसून, वॉकर पुढे सरकवत, इतक्या सावकाश की त्या बसेपर्यंत कोणाला दुसरे काही बोलता येईना.

साहेबांनी पायाचा प्रश्न आपणच काढला. बाईंबद्दल समितीला पूर्ण सहानुभूती आहे, असे म्हणून ते थांबले. मग म्हणाले, "पण अपवाद करता येत नाही, बाई. एकाला केला की उद्या प्रत्येकाचा गुडघा अपवाद होतो."

"बरोबर आहे, साहेब," बाई म्हणाल्या. "गुडघ्याचं राहू द्या. खुब्याचंही राहू द्या. आमच्या गावच्या तळ्यावर नीरडी असायचा. तुंबाचं, म्हणजे तळ्याचं पाणी सोडायचं दार उघडायचं, लावायचं, कोणाच्या शेताला कधी पाणी ते बघायचं, हे त्याचं काम. त्याची जमीन तुंबाला लागून. गावात एकाहून एक शहाणे होते, पण नीरडीला टोकाची जमीन देऊन तिथून दार उघड, असं कोणी म्हणालं नाही. तुम्हाला पाणी सोडायला माणूस लागेलच ना? का पुढंही सगळं सूर्यनारायणावरच चालवायचं?"

लोक हसले. वकीलसाहेब हसले नाहीत. टोमणा पोचला असे समजून बाई उठायच्या तयारीला लागल्या. त्यांना उठायला वेळ लागे, हे बरे झाले. कारण तेवढ्यात तहसीलदार खुर्चीत पुढे सरकले होते.

"हौ," ते म्हणाले. "हे बसतं."

"काय बसतं?" साहेबांनी विचारले.

"सेवा इनाम, साब. जमीन माणसाला नसते, कामाला असते. काम जिथं, जमीन तिथं. यात अपवाद कुठंय? हे तर पद आहे."

वकीलसाहेबांनी हरकत घेतली की इनामे कायद्याने कधीच रद्द झाली. तहसीलदार म्हणाले की ती गावातली रद्द झाली. कंपाउंडच्या आतली रद्द केल्याचा कागद त्यांनी तरी पाहिलेला नाही. वकीलसाहेबांनी यावर विचार केला आणि मान्य केले की त्यांनीही पाहिलेला नाही.

साहेबांच्या चेहऱ्यात त्या वेळी झालेला फरक मला नीट आठवतो. चाळीस बिऱ्हाडांत एका बाईला पाय नीट नाहीत म्हणून फाटकाजवळचा वाफा द्यावा, हे त्यांना त्यांच्या कोणत्याच नियमात बसवता येत नव्हते. त्यासाठी मनाचा मोठेपणा लागतो, आणि मोठेपणाला मंजुरी कोणी द्यायची हा प्रश्न होता. पद निर्माण करणे मात्र त्यांना येत होते. तेच तर त्यांनी जन्मभर केले होते. त्यांनी मला लिहून घ्यायला सांगितले: बागेच्या पाण्यावर देखरेख ठेवण्यासाठी एक पद, त्याचे मुख्यालय वाफा क्रमांक एक. तो वाफा पदाला जोडल्यामुळे अध्यक्षांना उपलब्ध रिक्त वाफ्यावर सामावून घ्यावे. रिक्त वाफा एकच होता, भिंतीलगतचा. ही अदलाबदल नव्हे, असे साहेबांनी दोनदा बजावले. कोणीही तिला अदलाबदल म्हटले नव्हते.

बाई अर्ध्या उठलेल्या होत्या त्या पुन्हा बसल्या. त्यांनी पगार विचारला. मानद, साहेब म्हणाले. रजा? रजेचे नियम यथावकाश होतील.

"मग माझी एक अट," बाई म्हणाल्या. "पाणी आधी खाली जाईल. शेवटचा वाफा भिजला की त्याच्या वरचा, मग त्याच्या वरचा. माझा सगळ्यांत शेवटी. आमचा नीरडी असंच करायचा, म्हणून त्याला कोणी शिव्या द्यायचं नाही."

खालचे लोक एकदम टाळ्या वाजवू लागले. वरच्यांनीही मग मागून वाजवल्या. ज्या तक्रारीसाठी समिती नेमली होती ती सुटली होती, आणि समिती अजून बरखास्त झाली नव्हती.

बाकीच्या हरकतींना पुढची तारीख देऊन पाणी सोडायचे ठरले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तहसीलदारांनी रीतसर लाख फोडली. बाईंनी स्टुलावर बसून नळ सोडला. पाटाला भेगा पडल्या होत्या. कितीतरी पाणी मातीनेच प्यायले आणि पुढे जायला तयार होईना. बाईंच्या वाफ्यात काहीच उरले नव्हते. अंबाडीच्या वाळक्या काड्या त्यांनी उपटून बाजूला ठेवल्या आणि बोंडे चुरून बी वेगळे केले. राज्य त्याच आठवड्यात दोन झाले. टीव्हीवर रात्रभर फटाके होते. आमच्याकडे बातमी ही होती की पाणी भिंतीपर्यंत पोचले.

पंधरवड्याने मुलगा आला. तो रात्रीच्या गाडीने येऊन सकाळी थेट आईच्या खोलीवर गेला. खोली रिकामी होती. त्याने घाबरून आधी सहाय्य कक्ष गाठला, मग दिवाणखाना, आणि शेवटी त्याला कोणी तरी बागेत पाठवले. बाई नळाशी बसल्या होत्या आणि वकीलसाहेबांना सांगत होत्या की मोगऱ्याची बारी अजून आलेली नाही, अर्घ्य मात्र केव्हाही द्या. मुलाने वाकून नमस्कार केला. खोली तयार आहे, म्हणाला, सामान दुपारी हलवू.

"अरे, मला विचारून काय उपयोग?" बाई म्हणाल्या. "मी पदावर आहे. मुख्यालय सोडायचं तर परवानगी लागते. साहेबांना विचार. ते खाली आहेत."

मुलगा पायऱ्या उतरून भिंतीपर्यंत गेला. इतिवृत्त लिहिणारा म्हणून मीही मागोमाग गेलो. साहेब पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलात उभे होते, हातात खुरपे, आणि ते उलटे धरलेले. त्यांनी मुलाचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले. आई थकली आहे, तिला तिकडे बरे पडेल, हे सगळे ऐकून घेतले. मग खुरपे डाव्या हातात घेऊन, सचिवालयातल्या आवाजात, ते म्हणाले की पर्यायी व्यवस्था झाल्याशिवाय त्यांना कार्यमुक्त करता येणार नाही.

"आणि ती कधी होईल, काका?"

"प्रकरण विचाराधीन आहे," साहेब म्हणाले.

मुलाने वर पाहिले. बाई वॉकरला धरून उठल्या होत्या आणि पाटाच्या कडेने पुढच्या वाफ्याचे तोंड बघायला निघाल्या होत्या. मग पूर्वेकडच्या खोलीचे काय करायचे, असे त्याने विचारले, आणि साहेबांनी त्याला लेखी कळवायला सांगितले.

या गोष्टीला बरीच वर्षे झाली. प्रकरण अजून विचाराधीन आहे.